उणे दोन, आणि खड्ड्यातले शब्बीरभाऊ

माझ्या डोक्याचा एक रिपोर्ट आहे. त्यात लिहिलंय की ऐकलेलं स्वतःहून आठवून सांगण्यात मी माझ्या वयाच्या आणि माझ्याएवढं शिकलेल्या बायकांच्या सरासरीपेक्षा दोन प्रमाण विचलनं खाली आहे. आणि मी झाडीपट्टीच्या नाटकात काम करते. म्हणजे पाठांतरावरच माझं पोट. आता बोला!

डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या हातात असा कागद पडला की घरातल्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळतं. आमच्याही पळालं होतं. त्या उणे-अधिकचा अर्थ काय आणि काय नाही, हे कळेपर्यंत माझं बरंच रडून झालं, नवऱ्याशी भांडून झालं, तपासणाऱ्या मॅडमशीही भांडून झालं. तुमचं त्यातलं थोडं तरी टळावं म्हणून लिहायला बसले. मेंदूचं शास्त्र मला विचारू नका, ते डॉक्टरांना विचारा.

आणखी एक. मी बोलते तसंच लिहिणार होते. पण माझी लेक प्रज्ञा म्हणाली, "आई, पुस्तकात मले-तुले चालत नाही," आणि तिने निम्मं दुरुस्त करून टाकलं. माणसांच्या तोंडचं मात्र मी तिला हात लावू दिलेलं नाही.

डुक्कर

ज्यांना आमची नाटकं ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चंद्रपूर-गडचिरोलीकडे धान कापून झालं की मोकळ्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, मंडप पडतो आणि दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी नाटकं होतात. आज या गावात, उद्या त्या गावात, आज हे नाटक, उद्या दुसरं. तालमी होतात दोन-चार, त्याही झाल्या तर. मग एवढं पाठ कसं राहतं? तर स्टेजच्या पुढच्या कडेला मधोमध एक खड्डा असतो. त्यात प्रॉम्प्टर बसतो. लोकांना तो दिसत नाही, आम्हाला दिसतो. तो वाक्य देतो, आम्ही उचलतो. ऑर्गन आणि तबल्याच्या गोंगाटात त्याचा आवाज पोचला नाही, तर त्याच्या ओठांवरून उचलतो.

आमच्या कंपनीचे प्रॉम्प्टर शब्बीरभाऊ. एरवी पोंभुर्ण्याला त्यांचं शिलाईचं दुकान आहे, मोसमात खड्डा. मी खाष्ट सासवा करते. चांगल्या सासवा मला कुणी देत नाही, माझा आवाजच तसा आहे म्हणतात. आणि माझी कंपनीत एक ख्याती होती: करुणाबाईला पहिला शब्द दिला की पान संपेपर्यंत बघायला नको.

त्या वर्षी मोसम संपला आणि मी ब्लाउज शिवायला टाकायला म्हणून विलासच्या मागे गाडीवर बसून शब्बीरभाऊंच्या दुकानाकडे निघाले. विलास म्हणजे माझा नवरा. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. उजेडी दुपार, रस्ता रिकामा, दोन्ही बाजूंनी जंगल. उजवीकडून रानडुक्कर निघालं आणि सरळ चाकाखाली आलं. डुकराला काही झालं नाही, ते उठलं आणि गेलं. विलासच्या गुडघ्याचं सालपट निघालं. मी डोक्यावर पडले. हेल्मेट गाडीच्या आरशाला लटकवलेलं होतं, त्यामुळे आरसा मात्र अगदी शाबूत राहिला.

वॉर्ड

आधी चंद्रपूर, मग नागपूर, मग ऑपरेशन. यातलं मला काहीही आठवत नाही, त्यामुळे लिहीत नाही. आठवतं ते सकाळच्या राउंडपासून. डॉक्टर यायचे आणि रोज तेच विचारायचे: नाव काय, आत्ता कुठे आहात, महिना कोणता. आधी भीती वाटायची, मग राग यायला लागला. एके दिवशी मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, मी सांगून राह्यली तरी तुमच्या ध्यानात राहत नाई का? मंग पेशंट कोण?" डॉक्टर हसले आणि त्यांनी सिस्टरला सांगितलं की या बाईंना आता जनरल वॉर्डात हलवा.

डोकं सफाचट केलेलं. आरसा बघायची माझी छाती होत नव्हती. तेवढ्यात शब्बीरभाऊ भेटायला आले, हातात पिशवी. "जयभीम बाई. कंपनीतून आनलं तुमच्यासाठी." पिशवीत काय, तर माझ्या सासूच्या भूमिकेचा पांढऱ्या अंबाड्याचा टोप! त्याच्या आतून त्यांनी मऊ सुती कापड शिवून लावलं होतं, टाके दुखू नयेत म्हणून. डॉक्टरांनी तो घालू दिला नाही. टाके निघेपर्यंत थांबा म्हणाले. टाके निघाले त्या दिवशी मी तो चढवला आणि खाटेवर बसून वॉर्डभरच्या सुनांना धारेवर धरलं. पलीकडच्या खाटेवरची भामरागडकडची म्हातारी माडिया भाषा सोडून काही बोलत नसे. तिला माझं एक अक्षरही कळलं नसेल, पण सगळ्यात जास्त तीच हसली.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नाही. टोप काढून आडवी झाले आणि मनात म्हटलं, चला, 'सून माझी वकील' मधलं आपलं कोर्टातलं भाषण म्हणून बघू. ते नाटक मी कितीतरी मोसम केलंय. "जजसाहेब, या पोरीनं माझ्या घरात" इथपर्यंत आलं आणि पुढे सगळं पांढरं. घरात काय केलं त्या पोरीनं? मला आठवेना.

घरी

घरी आल्यावर सगळे म्हणायचे, "बाई त पहिल्यासारखी बोलते!" बोलत होतेच. तोंड शाबूत होतं, आरशासारखं. पण विलासने दुकानातून तीन वस्तू आणायला सांगितल्या तर मी एक आणायची आणि दोन न सांगितलेल्या आणायची. कुकर पाणी न घालता चढवला. त्यानंतर विलास बाहेर जाताना सिलिंडरचं बटण बंद करून जायला लागला, मला न सांगता. मला कळलं तेव्हा मी असा काही तमाशा केला की शेजारणींना वाटलं तालीम सुरू झाली.

तो काही बोलायचा नाही. माझ्यावर चिडायचाही नाही. हेच मला सहन होईना. आधी आमची रोज भांडणं व्हायची, चांगली मोकळी भांडणं. आता मी काहीही बोलले की तो खाली मान घालून "बरं" म्हणायचा. गाडी तो चालवत होता ना. तो त्या "बरं"मध्ये रोज माझी माफी मागत होता आणि मला ती नको होती.

पोळ्याच्या सुमारास कंपनीचे मालक घरी आले. पुढच्या मोसमाची माणसं ठरवायची होती. चहा प्यायले, इकडचं-तिकडचं बोलले, आणि मग म्हणाले, "बाई, सासू तुमचीच हाय. पन डॉक्टरचं लिहून आना, का काम जमते म्हणून. मंडपात दोन हजार लोक बसून राह्यतात. मधात तुमी थांबल्या त मी काय करू?"

खोटं काय बोलले? त्यांनी दसऱ्यापर्यंत थांबायचं कबूल केलं. तोवर लिहून आणता आलं नाही, तर सासू दुसरीकडे जाणार होती.

परीक्षा

डॉक्टर म्हणाले, शरीराने तुम्ही ठीक आहात. डोक्याच्या कामाचं सांगायचं तर चाचण्या कराव्या लागतील. त्यांनी एका तरुण मानसशास्त्रज्ञ मॅडमकडे पाठवलं. मॅडम नागपूरच्याच. गोड मुलगी, माझ्या प्रज्ञापेक्षा थोडी मोठी.

शाळा सोडल्यापासून अशी परीक्षा दिली नव्हती. आकडे ऐकून उलटे म्हणा. चिन्हं बघून पटापट खुणा करा. ठोकळे जुळवा. मॅडम शब्दांची एक यादी वाचणार, मी आठवतील तेवढे शब्द सांगायचे, पुन्हा तीच यादी, पुन्हा सांगायचे. एका मिनिटात आठवतील तेवढे प्राणी सांगा, म्हणाल्या. अहो, आमच्या घराच्या मागेच जंगल सुरू होतं! बिबट, अस्वल, रानगवा, नीलगाय, चितळ, भेकर, सायाळ, खवल्या मांजर, आणि शेवटी "ते हरामखोर डुक्कर" म्हटलं तेव्हा मॅडमचा पेन थांबला आणि त्या हसल्या.

चिन्हांच्या वेळी मात्र हात चालेना. डोक्यात उत्तर यायचं, पण ते दाराशी येऊन चप्पल शोधत बसायचं. बाहेर आले तेव्हा घामाघूम झाले होते.

पंचवीस म्हणजे नापास?

निकालाला आम्ही तिघं गेलो. मी, विलास आणि प्रज्ञा. मॅडमनी कागद पुढे सरकवला. विलासने त्यातला एक आकडा बघितला आणि त्याचा चेहरा उतरला.

"मॅडम, ह्या ठोकळ्याच्या पेपरात पंचवीसच भेटले हिले. पस्तीसच्या खाली त नापास ना?"

आमच्याकडे कुणीही हेच म्हटलं असतं. आकडा म्हटला की मार्क, आणि पस्तीस म्हटलं की काठावर पास.

"हे मार्क नाहीत काका," मॅडम म्हणाल्या. "यांच्या वयाच्या, यांच्याएवढं शिकलेल्या शंभर बायका एका रांगेत उभ्या करा. पंचवीस म्हणजे करुणाताईंच्या मागे पंचवीसजणी आहेत. मधल्या मोठ्या घोळक्यातच आहेत त्या."

"म्हंजे गर्दीतच हाय आमची," विलास म्हणाला. "मंग ठीक हाय." त्याच्या जिवात जीव आला.

पुढच्या रकान्यात उणे दीड, अधिक एक असं काहीबाही होतं. प्रज्ञा कॉलेजात शिकते, ती म्हणाली, "हे स्टँडर्ड डेव्हिएशन ना? प्रमाण विचलन. आम्हाला सूत्र होतं, पण अर्थ कुणी सांगितला नाही."

मॅडमनी माझ्याकडे वळून विचारलं, "करुणाताई, तुमचं नाटक किती वेळ चालतं?"

"पाच तास."

"रोज बरोबर पाच?"

"कुठचं जी! कधी वन्स मोअर भेटते, कधी लाइन जाते, कधी एखादा नट भाषणाचं पानच खाऊन टाकते. पावनेपाच, सव्वापाच, असं होत राह्यते."

"मग पंधरा मिनिटं मागेपुढे झाली तर कुणी काही म्हणतं?"

"कोणी घड्याळ पाहत नाई."

"आणि अर्धा तास आधीच संपलं तर?"

"मंग मालक विचारतात, का झालं म्हणून."

"आणि पाऊण तास आधी?"

"मंग नक्कीच काही झालं असन. नट पडला असन, नाई त भांडण."

"झालं तर," मॅडम म्हणाल्या. "पाच तास ही सरासरी. ते जे पंधरा मिनिटांचं नेहमीचं मागेपुढे होणं आहे ना, ते तुमच्या नाटकाचं प्रमाण विचलन. आपण त्याला एक पाऊल म्हणू. बरेचसे प्रयोग सरासरीच्या एका पावलाच्या आतच संपतात. दोन पावलं लांब गेलेला प्रयोग क्वचित असतो, तिथे विचारपूस करायची. माणसांचंही तसंच. उणे अर्धा, उणे पाऊण, याला घाबरायचं नाही. आणि इतक्या चाचण्या दिल्या की धडधाकट माणसाचाही एखादा आकडा खाली जातोच."

काय सांगू, इतकं सोपं होतं! मी मनातल्या मनात सगळ्या कागदावरून चालत गेले. प्राणी, एक पाऊल वर. ठोकळे, गर्दीत. चिन्हं, दीड पाऊल खाली, म्हणजे मी हळू झाले आहे, विचारपुशीच्या वाटेवर. आणि शब्दांची यादी? सरासरी. किंचित वरच.

विलास जवळजवळ टाळीच वाजवणार होता. "पाहा! पाठांतर त एकदम फस्क्लास हाय. लिहून द्या मॅडम."

मला मात्र राहवेना.

"मॅडम, मी पहिले कुठी होती?"

"म्हणजे?"

"डुकराच्या पहिले. कोणत्या पावलावर?"

"ते कुणी मोजलेलं नाही ताई. हा कागद तुमची तुलना दुसऱ्या बायकांशी करतो. तुमची तुमच्याशी नाही करू शकत. तुम्ही आधी दोन पावलं वर असाल तर आजची सरासरी ही तुमच्यासाठी घसरणच आहे. कागदावर ती दिसणार नाही."

हे वाक्य ज्यांना असा रिपोर्ट मिळालाय त्यांनी दोनदा वाचावं. "सगळं नॉर्मल आहे" असं ऐकूनही ज्यांच्या आत काहीतरी खुपत राहतं, त्यांना वेड लागलेलं नसतं.

ओठ

पण माझं खुपणं वेगळंच होतं. "मॅडम, हा यादीचा आकडा माझा नाई," मी म्हटलं.

"आई, चांगला आला तर तोही नको का तुला?" प्रज्ञा वैतागली.

"घरी मले तीन वस्तू ध्यानात राहत नाई आणि इथी तुमच्या एवढ्या मोठ्या यादीतलं बहुतेक सगळं कसं आलं? चुकलं असन तुमचं काही!" माझा आवाज सासूचा झाला होता. मॅडमचा चेहरा लालबुंद झाला.

त्या म्हणाल्या, "ठीक आहे, आत्ताच थोडे शब्द घेऊन बघू." त्यांनी काही शब्द वाचले. मी सांगायला लागले. एक, दोन, चार, पाच, बरे येत होते. तेवढ्यात बाजूला बसलेली प्रज्ञा म्हणाली, "मॅडम, थांबा. आई जो शब्द विसरते, तो तुम्ही कागदावर बघता आणि तुमचे ओठ हलतात. आणि ही तिकडंच पाहून राह्यली."

मॅडमनी हात तोंडावर नेला. मी खजील झाले, कारण शपथेवर सांगते, मला स्वतःला हे ठाऊक नव्हतं! समोर कागद घेऊन बसलेलं माणूस, त्याचे हलणारे ओठ, आणि मी बोलायचं. इतकी वर्षं मी दुसरं केलंय काय? नागपूरच्या खुर्चीत बसून मी खड्ड्यात बघत होते.

विलास हळूच म्हणाला, "जाऊ द्या ना मॅडम. आलं तेच राहू द्या."

"काऊन राहू द्यायचं?" मी त्याच्यावर ओरडले. "स्टेजवर मी थांबली त मॅडम येतीन का मंडपात?"

मॅडमनी दुसरी तारीख दिली. वेगळी यादी घेऊ म्हणाल्या, आणि मी तुमच्या पाठीमागे बसेन.

उणे दोन

त्या दिवशी मॅडम पाठीमागे बसल्या आणि समोर होती कोरी भिंत. भिंतीला ओठ नसतात. पहिले दोन-तीन शब्द आले, मग पांढरं. पुन्हा यादी, पुन्हा पांढरं. दुसरं काही काम करवून घेऊन मॅडमनी परत विचारलं, तेव्हा जवळजवळ काहीच उरलं नव्हतं. आकडा सांगायच्या आधीच मला कळला होता. तरी त्यांनी सांगितला: उणे दोन.

"थोडं बाकी आहे, चहा घेऊन या," मॅडम म्हणाल्या. खाली टपरीवर विलासने तर्री-पोहे सांगितले. मी पहिल्या घासाला रडायला लागले. तर्रीच्या तिखटाचं निमित्त केलं, पण तो काय खुळा आहे?

"मीच पाडलं तुले," तो म्हणाला. पहिल्यांदाच म्हणाला, इतक्या महिन्यांत.

"डुकरानं पाडलं," मी म्हटलं. "तुमी फक्त हेल्मेट आरशाले घातलं. आनि मीबी बोल्ली नाई, मले अंबाडा दबन म्हणून वाटलं होतं. आता तुमी रोज 'बरं बरं' करणं बंद करा. मले भीती वाटून राह्यली, आनि तुमी भांडतबी नाई. मी एकटीच किती भांडू?"

त्याने लिंबाची फोड माझ्या ताटलीत ठेवली. मग म्हणाला, "लिंबू पिळ. थंडे होऊन राह्यले. आनि लोकाईत रडू नको, सगळे माह्याचकडं पाहतेत का यानंच हानलं म्हणून." हे वाक्य ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी त्याच्याही ताटलीतले पोहे खाल्ले.

वर गेलो तर मॅडम खुशीत होत्या. म्हणाल्या, आता मी शब्द म्हणते, यादीतला असेल तर हो म्हणा, नसेल तर नाही. मी सांगत गेले. एखाददुसरा सोडला तर सगळे बरोबर! मग राहिलेल्या शब्दांची त्यांनी फक्त पहिली अक्षरं दिली. एकेक करून शब्द यायला लागले, जसे काही विंगेत उभेच होते.

"बघा," मॅडम म्हणाल्या, "आत गेलंय सगळं. बाहेर काढायला धक्का लागतोय. स्वतःहून आठवणं उणे दोन. खूण मिळाली तर सरासरी. आणि त्या दिवशीचा पहिला आकडाही खोटा नव्हता बरं का. तो तुम्ही आणि मी मिळून काढलेला आकडा होता. चूक एवढीच की मी तो तुमच्या एकटीच्या नावावर लिहिला." मग त्यांनी काळजीने विचारलं, "पण ताई, नाटकात तुम्हाला असं कोण सांगत बसणार?"

मी विलासकडे बघितलं. विलासने माझ्याकडे बघितलं. आणि आम्ही दोघं हसायलाच लागलो.

खड्ड्याची गोष्ट ऐकून मॅडमना आधी पटेचना. "म्हणजे एक माणूस पूर्ण वेळ शब्द देत असतो? आणि सगळे घेतात?"

"मोठमोठे नट घेतात. न घेऊन भागन कसं?"

मॅडमनी रिपोर्टात दोन्ही आकडे लिहिले आणि खाली लिहिलं की खूण मिळत असलेल्या कामात अडचण कमी येईल, वेग कमी आहे, विश्रांती देऊन थोडे थोडे प्रयोग करावेत. कामावर घ्या असं त्यांनी लिहिलं नाही. म्हणाल्या, ते मी या खोलीत बसून सांगू शकत नाही, तुमच्या माणसांनी बघायला पाहिजे.

तालीम

मालकांनी रिपोर्ट उलटासुलटा करून बघितला. "उने-अधिक मले समजत नाई बाई. तालीम करून पाहू. जमलं त जमलं."

गावच्या समाजमंदिरात दुपारची तालीम. नाटक 'सून माझी वकील'. मालक हाताची घडी घालून खुर्चीत. सगळी कंपनी उगाच इकडेतिकडे बघत होती, म्हणजे माझ्याकडे बघत नाही हे मला दिसावं म्हणून. शब्बीरभाऊ समोर खाली, एका पाटावर वही घेऊन बसले. इथे खड्डा नसतो, म्हणून ते पाटावर जितकं लहान होता येईल तितकं लहान होऊन बसतात.

माझा प्रवेश आला. शब्बीरभाऊंनी नेहमीसारखा पहिला शब्द दिला, "जजसाहेब". मी म्हटलं, "जजसाहेब, या पोरीनं माझ्या घरात..."

पांढरं.

कुणाचीतरी खुर्ची करकरली. मालकांच्या हाताची घडी सुटली. मला वाटलं, संपलं करुणा, टोप काढून दे. मी शब्बीरभाऊंकडे बघितलं. ते घाबरले नव्हते. त्यांनी वही मांडीवर ठेवली, माझ्याकडे तोंड वर केलं आणि पूर्ण वाक्य दिलं, सावकाश, एकेक शब्द ओठांवर ठेवत: "या पोरीनं माझ्या घरात येऊन माझ्याच पोराले माझ्याविरुद्ध साक्षीदार केलं!"

मी ते उचललं. चिन्हांच्या परीक्षेसारखंच, उशिराच उचललं. पण तेवढ्या वेळात मी सुनेकडे रोखून बघत उभी होते, आणि बोलले तेव्हा सून करणारी पोरगी खरंच दचकली आणि सगळे हसले. मालकसुद्धा.

पुढचं वाक्य शब्बीरभाऊंनी थोडं आधीच दिलं. त्यांनी माझा वेग ओळखला होता. त्यापुढचं आणखी बरोबर वेळेवर. पूर्ण भाषण असं झालं, वाक्यागणिक त्यांचं तोंड आणि माझा आवाज. मध्ये एकदा मी चुकून नीट बघितलं तर शब्बीरभाऊ नुसते शब्द देत नव्हते. भुवया चढवून, मान उडवून, ओठ मुरडून ते चक्क खाष्ट सासू झाले होते. मला हसू आवरेना, ते मी पदरात खोकला काढून झाकलं.

मालक उठले. "बाई, थोडं हळू होते. पन सासू हळूच बरी, भेव जास्त वाटते. रोजचा प्रयोग नाई देत तुमाले, एकाआड एक करा." एवढं बोलून ते चहा सांगायला गेले. विलास दारात उभा होता. त्याने माझ्याकडे बघून नाक वर केलं, म्हणजे 'उगाच भाव खाऊ नको'. मी त्याला जीभ दाखवली.

सगळे चहाला गेल्यावर मी शब्बीरभाऊंच्या पाटाजवळ खालीच बसले. डोळे भरून आले होते.

"भाऊ, पहिले एक शब्द पुरत होता," मी म्हटलं. "आता पुरं पुरं वाक्य द्या लागते. तुमाले लय तरास झाला."

शब्बीरभाऊंनी वही मिटली, चष्मा पुसला आणि जरा लाजतच म्हणाले, "तरास काहाचा, बाई? इतके वर्स तुमी मले एका शब्दाच्या वर बोलूच देत नव्हत्या. आज पह्यल्यांदा पुरं भाषण म्हनलं. घरी जाऊन बायकोले सांगतो, मीबी नाटकात काम केलं म्हणून."